आज माग बंद आहे

श्रावणजींची वेबसाइट महिन्यातून एक दिवस बंद असे. बिघडलेली नव्हे, बंद ठेवलेली. त्या दिवशी कुणी ती उघडली तर पांढऱ्या पानावर एवढंच दिसायचं: ‘आज अमावास्या. माग बंद आहे. उद्या या.’

हे कुलूप लावायचं काम माझ्याकडे होतं. मी पवनीच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि श्रावणजींच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. माझं माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांधावरचं. मागातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या या गल्लीत एके काळी सतरा घरं होती आणि सतराही घरांत माग होते. अमावास्येला विणकर मागाला हात लावत नाही, एवढं मला इथं आल्यावर कळलं. पण वेबसाइटला कसली आली अमावास्या? मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. वेबसाइट चोवीस तास उघडी असते, जगात कुठूनही कुणीही ती केव्हाही पाहू शकतं, हीच तर तिची सोय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग म्हणाले, “जगाले घाई असन. मले तं नाई.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाला घाई करो, डॉक्टर करो की मी करो, उत्तर एकच. मला घाई फार, आणि ती माझ्या चेहऱ्यावर दिसते असं काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या. त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं.

तरुणपणी ते स्वतः विणत. गल्लीतले माग एकेक करून थांबायला लागले तेव्हा त्यांनी विणकरांच्या सोसायटीत तपासनिसाची नोकरी धरली. तयार लुगडं समोर आलं की त्याच्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवायचा आणि कुठे धागा चुकला ते सांगायचं, हे काम. पुढे सोसायटीलाही कुलूप लागलं, पण अंगठ्याला कुणी निवृत्त केलं नाही. वर्तमानपत्र हातात आलं की आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरे, मग बातमी. जेवताना ताटाची कड, बसल्या जागी खुर्चीचा हात. माझा लॅपटॉप पहिल्यांदा पाहिला तेव्हाही त्याच्या चारही कडा त्यांनी तपासल्या आणि “बरा आहे” असा शेरा दिला.

लिहिण्याचा नाद त्यांना लागला तो मुलानं फोन घेऊन दिल्यावर. मुलगा नागपूरला असतो. सगळे जिथं असतात त्या सोशल मीडियावर त्यानं वडिलांचं एक पान काढून दिलं, आणि श्रावणजी रोज सकाळी चहा झाल्यावर ओट्यावर बसून एका बोटानं गल्लीतल्या एकेका विणकरावर लिहू लागले. कोण कसा बसायचा, कुणाच्या मागाचा आवाज कसा होता, कुणाला विणताना गाणं लागे आणि कुणाला शिव्या. खाली लोक हात जोडत, फुलं टाकत. श्रावणजींना ते आवडे, यात खोटं कशाला बोलायचं. “बुढा सकाळपासून फुलं मोजून राहिला,” असं काकू मला जिन्यात गाठून सांगायच्या.

मग एका रविवारी पुष्पा आली.

पुष्पा म्हणजे त्यांचे जुने शेजारी महादेवजी यांची मुलगी. लग्न होऊन सुरतेला गेलेली. महादेवजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचं घरही विकलं गेलं होतं. ती पवनीत चुलतभावाच्या लग्नाला आली होती. तिथं कुणीतरी तिला सांगितलं की श्रावणकाकांनी दोनेक वर्षांपूर्वी तुझ्या बाबांवर फार छान लिहिलं होतं. ती ऐकून लग्नमांडवातून उठून आली. तिच्याकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता. तिची मुलगी विचारते, आजोबा कसे होते, आणि हिला चार वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. ते वाचायला द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

श्रावणजींनी फोन काढला आणि पान मागे ढकलायला सुरुवात केली. सकाळचे दहा वाजले होते. वाढदिवसाचे केक आले, शुभ सकाळ आली, कुणाच्या तरी नव्या गाडीचं पूजन आलं, मोबाइलच्या कव्हराच्या जाहिराती आल्या. महादेवजी येईनात. बारा वाजता मला बोलावणं आलं. मी नाव घालून शोधलं तर भलतेच महादेव समोर आले. जे लिहिलं होतं ते कुठेतरी असणारच, पण कुठे ते आम्हा तिघांपैकी कुणालाही सांगता येईना. काकूंनी जेवायला वाढलं, पण कुणी नीट जेवलं नाही. चारच्या गाडीनं तिला निघायचं होतं. ती उठली आणि म्हणाली की राहू द्या काका, तुमच्या ध्यानात आहेत ना बाबा, तेवढं पुरे.

तिला स्टँडवर पोचवून ते परत आले आणि ओट्यावर बसले. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तिचा बाप माह्या हातात होता, मॅडम. मले सापडला नाई.”

मी सुचवलं की पुन्हा लिहा ना, तुम्हाला आठवतंयच की सगळं. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला. मग सांगितलं की पहिल्यांदा लिहिलं त्या सकाळी महादेव आपणहून समोर येऊन बसला होता. आता बोलावून येत नाही. मी पोळ्या करायला निघून आले.

आठवड्यानं त्यांनी मला थांबवून विचारलं, या इंटरनेटवर अशी जागा असते का, की ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते? तेव्हा मला माझा ब्लॉग आठवला. बी.एड.ला असताना मी ब्लॉग लिहायचे. पुढे सगळ्या मैत्रिणी त्या गजबजाटात गेल्या, मीही गेले, आणि तो सुटला. तो अजून असेल असं मला वाटलंच नव्हतं. लॅपटॉपवर पत्ता टाकला तर उघडला. नऊ वर्षांपूर्वीचं होस्टेलच्या मेसवरचं रडगाणं, माझ्या तेव्हाच्या शुद्धलेखनासकट, जिथं सोडलं होतं तिथंच होतं. श्रावणजींनी ते सगळं वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुमी निघून गेल्या. पन घर इथीच आहे.”

अशी त्यांची वेबसाइट सुरू झाली. मी तीन दिवसांत उभी करून देते म्हटलं होतं; तिला पाच महिने लागले. कारण श्रावणजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गल्लीचा नकाशा काढला होता आणि वेबसाइट तशीच हवी, असा हट्ट होता. वैनगंगेच्या बाजूनं शिरायचं, पहिलं घर, दुसरं घर, असं चालत चालत रस्त्याला निघायचं. मी सांगितलं की ब्लॉगवर नवीन लिहिलेलं सगळ्यांत वर येतं, जुनं आपोआप खाली जातं, तशीच पद्धत आहे. त्यांना ती पद्धत अजिबात पटली नाही. “नवा मानूस राहाले आला म्हनून जुन्याचं घर मांगं सरकते काय?” असं त्यांनी विचारलं. किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडाही त्यांनी काढायला लावला. आल्यागेल्याची मोजदाद दारात उभं राहून कुणी करतं का, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी फुलं मोजणारे हेच गृहस्थ, हे मी त्यांना ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, त्याचसाठी तं काढा म्हनतो.

प्रतिक्रियांची चौकटसुद्धा नको होती. तिच्या जागी त्यांनी प्रत्येक पानाखाली एक ओळ घातली: ‘काही चुकलं असल्यास घरी येऊन सांगावे.’ आणि त्याखाली एसटी स्टँडपासून घरापर्यंत पायी कसं यायचं ते. मी पोट धरून हसले. पण महिनाभरात तिकडे तुमसरच्या वरच्या अंगाला असलेल्या सिहोऱ्याहून एक गृहस्थ दोन गाड्या बदलून खरंच आले. त्यांचे वडील कधीकाळी गल्लीत चौथ्या घरात विणत. ते तावातावानं सांगू लागले की बापाच्या मागाचं तोंड दाराकडे नव्हतं, खिडकीकडे होतं, आणि हे जगजाहीर चुकीचं छापलंय. श्रावणजींनी त्यांना पाणी दिलं, पोहे खाऊ घातले, आणि दोघं चौथ्या घराच्या आताच्या मालकाची परवानगी काढून आत गेले. जमिनीत मागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा बुजवल्याची खूण होती. ती खिडकीकडे होती. संध्याकाळी चौथं घर दुरुस्त झालं आणि खाली ओळ आली: ‘सिहोऱ्याच्या पाहुण्यांनी दाखवून दिले.’ तो माणूस गाडीत बसताना श्रावणजींच्या पाया पडला म्हणे. आला होता भांडायला.

अशी पंधरा घरं भरली. दोन रिकामी राहिली. एक अकरावं, महादेवजींचं. दुसरं सतरावं, गल्लीच्या तोंडाशी असलेलं त्यांचं स्वतःचं. पूर्वी श्रावणजी महादेवजींच्या शेजारीच राहत. लग्नानंतर वाटणी झाली आणि दोघं नवराबायको रस्त्याकडच्या या घरात आले. सतराव्याचं मी विचारलं तर म्हणाले, आपल्या घराचं आपन लिहायचं नसते, ते शेजाऱ्याचं काम. अकराव्याचं मी विचारत नसे. शाळेच्या वहीत पेन्सिलीनं ते लिहिणं चालू होतं, खोडणं चालू होतं, आणि काकू म्हणत की या वहीपायी घरातलं खोडरबर पुरत नाही.

महादेवजी करवती काठ विणत. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला हा काठ एकट्यानं होत नाही. तीन धोटे चालवावे लागतात, म्हणजे आडवा धागा नेणारी तीन लाकडी होडकी, आणि मागाच्या दुसऱ्या बाजूला साथीला माणूस लागतो. महादेवजींची बायको लवकर गेली. त्यानंतर त्यांनी आठ वर्षांच्या पुष्पाला समोर बसवलं, आणि त्या पोरीच्या हातून काठ कधी चुकला नाही. श्रावणजींचा अंगठा त्याला साक्ष होता. वहीत हे सगळं आलं होतं. महादेवजींचं वाकून बसणं, त्यांचा खोकला, सुपारी ठेवायची जागा. शेवटी एक वाक्य होतं: ‘एवढीशी पोर करवत कशी शिकली, देव जाणे.’ एवढ्या वाक्यावर ते अडून बसले होते. ते म्हणत, इथं धागा सुटलेला आहे, मला हाताला लागतो, पण दिसत नाही.

अखेर त्यांनी हार मानली. एका संध्याकाळी वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले की जसं आहे तसं टाका, पोरगी किती दिवस वाट पाहणार. मी तेव्हाच अकरावं घर भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या घाईत पुष्पाला पत्ता पाठवला, ‘तुमचे बाबा इथं आहेत,’ असं लिहून. मधल्या सुट्टीत डबा उघडताना आठवलं की त्याआधी अर्धा तास मीच, नेहमीच्या सवयीनं, वेबसाइटला कुलूप लावलं होतं. अमावास्या होती.

मी डबा तसाच टाकून घरी धावले. श्रावणजी आतल्या खोलीत होते. अमावास्येला त्यांचा एक उद्योग ठरलेला असे. काकूंची ट्रंक उघडायची, सगळी जुनी लुगडी बाहेर काढून त्यांना ऊन दाखवायचं आणि नव्यानं घड्या घालायच्या, म्हणजे एकाच घडीवर काठ विरत नाही. काकू पलंगावर बसून चुका काढत. मी घडलेलं सांगितलं आणि आजच्या दिवस उघडू द्या म्हणून अगदी काकुळतीला आले. एका बाईनं इतके महिने वाट पाहिली, सुरतेत बसून तिनं दार वाजवलं आणि आपण तिला उद्या या म्हणतोय, हे मला सहन होत नव्हतं.

त्यांनाही होत नव्हतं. हातातल्या लुगड्याच्या काठावर अंगठा एका जागी थांबला होता. म्हणाले, “महादेवच्या मागाले मी अवसेले हात लावू? त्याच्या पोरीसाठी बी लावता येत नाई, मॅडम.”

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी तसं बोलूनही दाखवणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुष्पाच होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा पलंगावर ठेवला.

“काका, बंद आहे म्हनते ना तुमचं,” ती म्हणाली, आणि हसली. रागावलेली नव्हती. “वाचलं अन् वाटलं, हे तं आपल्याच गल्लीतलं. बाबा बी अवसेले मागाले हात नोयते लावत.”

“हो वं बाई,” श्रावणजी म्हणाले.

तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. “त्या दिवशी ते माही वेनी घालत, काका. माय नोयती ना मले. दाराशी बसवत अन् केसाचे तीन पेड करत. म्हनत, हा डावा धोटा, हा मधला, हा उजवा. आता कोनता येते, सांग. मी चुकली का पुरी वेनी सोडत अन् पुन्हा घालत. करवत मले तशीच शिकवली त्यायनं. मागावर बसाच्या आधीच येत होती मले.”

काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण माझंही तेच झालं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी पुढचं लुगडं उचललं. मग म्हणाले, “पोरपनापासून पाहत होतो त्याले. पन माग चालू असतानाच पाहिलं. अवसेले मी आपल्या घरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते माझ्या जिन्याखाली वही घेऊन उभे. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाईत पाहिलं. ‘देव जाणे’ खोडलं होतं आणि त्या जागी वेणीच्या चार ओळी होत्या. आधी त्या घाला, मग कुलूप काढा, असा हुकूम झाला. दुपारी पुष्पाचा निरोप आला की मुलीला दोनदा वाचून दाखवलं, आणि आता ती म्हणते, माझी पण तशीच वेणी घाल. श्रावणजींनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, त्यांना स्वतःला वाचता येत असताना.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा दम वाढला. नागपूरला नेलं, तिथं आठवडाभर होते, आणि परत आले नाहीत. तेरावं झाल्यावर एका दुपारी काकू माझा जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी चढल्या नव्हत्या. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी शाळेची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “सतरावं घर रिकामं आहे, पोरी. शेजारीन तूच.”

मी सबबी सांगितल्या. मी बाहेरची, मला मागातलं कळत नाही, मी त्यांना विणताना एकदाही पाहिलेलं नाही. काकू म्हणाल्या, मग जे पाहिलं ते लिही. रात्रंदिवस तेच डोक्यात राहिलं, आणि हळूहळू ध्यानात आलं की मी त्यांना सगळ्यांत जास्त पाहिलं ते अमावास्येलाच. सकाळी कुलूप लावून झालं की ते मला चहाला थांबवायचे, आणि मी घाईत असूनही थांबायचे, कारण तो माणूस बायकोच्या लुगड्यांच्या घड्या घालताना बघणं मला आवडायचं. त्यांचा कामाचा दिवस गल्लीला ठाऊक होता. बंद दिवस मला ठाऊक होता. तो लिहिला. हे सतरावं घर. काही चुकलं असल्यास घरी येऊन सांगावे.

श्रावणजींना नागपूरला नेलं त्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला होता, पण गाडीत मळमळतं म्हणून ते एसटीनंच जायला निघाले. मला शाळेत कळलं आणि मी तास सोडून स्टँडवर गेले. ते खिडकीशी बसले होते, गळ्याला मफलर, शेजारी काकू, मांडीवर औषधांची पिशवी. मी खिडकीखाली उभी राहून, औषधं वेळेवर घ्या, लवकर या, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “उद्या अवस आहे. बंद करान ना?”

मी कधी विसरले आहे का, असं मी म्हटलं.

“अन् परवा उघडान?”

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. उघडीन, म्हटलं. त्यांनी मान हलवली. कंडक्टरनं बेल मारली, गाडी मागे आली आणि वळली. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा अंगठा खिडकीच्या पत्र्याच्या कडेवरून फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

दुसऱ्या दिवशी मी बंद केली. तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत जायच्या आधी, उघडली.